दुसऱ्या संगणकावर नेल्यावरही माउसची बटणे तशीच राहावीत, यासाठी काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॉजिटेकचा जी५०२ हीरो हा माउस घरच्या संगणकावर जी हब या सॉफ्टवेअरमधून नीट लावून घेतलेला आहे. अंगठ्याखालच्या बटणांवर खेळातल्या कळा आहेत, आणि दिवसा मराठी पुस्तकांच्या मांडणीचे काम असल्यामुळे काही बटणांवर कॉपी, पेस्ट, शक्य झाल्यास 'ळ' आणि 'ऱ्या' ही अक्षरेही ठेवायची आहेत. परंतु तोच माउस कार्यालयातल्या संगणकाला जोडला की पहिले पाढे पंचावन्न. सगळी बटणे कारखान्यातून आली तशी वागू लागतात, आणि तिथे कोणतेही सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी नाही. मग माउसच्या खोक्यावर छापलेल्या 'ऑनबोर्ड मेमरी'चा, म्हणजे माउसमधल्याच मेमरीचा, उपयोग काय, आणि ती वापरायची कशी?

आधी थेट उत्तर देतो. आपण बटणे लावली, ती माउसमध्ये नव्हे, तर घरच्या संगणकावरच्या जी हबमध्ये साठली. ती माउसच्या मेमरीत वेगळ्या पायरीने उतरवावी लागतात, आणि ती पायरी खाली दिली आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिच्यातून सुटतात: माउसच्या मेमरीत कळ साठते, काम साठत नाही. जे काम 'ही कळ दाबली गेली' एवढ्या निरोपात सांगता येते, ते माउसबरोबर कुठेही जाते. ज्या कामासाठी संगणकावर कोणीतरी तो निरोप ओळखून पुढचे काही करावे लागते, ते घरीच राहते.

हे असे का, ते पाहू. यूएसबी माउस संगणकाशी एचआयडी नावाच्या ठरावीक पद्धतीने बोलतो. तो दर काही क्षणांनी एक छोटा अहवाल पाठवतो: कोणती बटणे दाबलेली आहेत, आडवी आणि उभी हालचाल किती झाली, चाक किती फिरले. हा वेग सेकंदाला १००० अहवाल असेल तर दोन अहवालांमध्ये एक मिलिसेकंद जातो; साधे माउस सेकंदाला १२५, म्हणजे आठ मिलिसेकंदांनी एक अहवाल पाठवतात. खेळांसाठीचा माउस याच्या जोडीला संगणकासमोर स्वतःला कीबोर्ड म्हणूनही उभा करतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये असा माउस जोडल्यावर कीबोर्डांच्या यादीत एक नोंद वाढलेली दिसते, ती यामुळेच. अंगठ्याच्या बटणावर कंट्रोल आणि सी ठेवले, तर माउसमधली छोटी चिप आपल्या दुसऱ्या रूपातून 'कंट्रोल दाबलेले आहे, सी दाबलेले आहे' असा कीबोर्डचा अहवाल पाठवते. संगणकाला तो कीबोर्डवरून आला की माउसवरून, याने फरक पडत नाही, आणि म्हणूनच त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

जी हब चालू असते तेव्हा मात्र चित्र बदलते. ते माउसला सांगते की आता तुझी स्वतःची यादी बाजूला ठेव, कोणते बटण दाबले गेले तेवढे मला कळव, पुढचे मी पाहतो. त्यामुळेच खेळ सुरू झाल्याबरोबर प्रोफाइल (बटणांची एक पूर्ण मांडणी) आपोआप बदलणे, बटणावर एखादा प्रोग्रॅम उघडणे, लांब मजकूर टाकणे, गप्पांच्या प्रोग्रॅममधला मायक्रोफोन बंद करणे अशी कामे जमतात. जी हब बंद केले किंवा माउस काढून दुसरीकडे नेला की हा कारभारीच नसतो, आणि माउस आपल्या मेमरीतल्या यादीकडे परत येतो. त्या यादीत आपण कधीच काही लिहिलेले नसल्यामुळे कार्यालयात मूळ बटणे दिसली.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. जी५०२ हीरोवर ११ बटणे बदलता येतात: डावे, उजवे, चाकाचे बटण, चाक डावीकडे आणि उजवीकडे कलवणे, अंगठ्याजवळची मागे-पुढे जाण्याची दोन बटणे, त्यांच्या पुढचे अंगठ्याच्या टोकाशी येणारे बटण, डाव्या बटणाच्या कडेची डीपीआय (माउसची संवेदनशीलता) वाढवण्या-कमी करण्याची दोन बटणे आणि चाकामागचे प्रोफाइलचे बटण. चाक अडखळत किंवा सुळसुळत फिरवणारे चाकालगतचे बटण यांत्रिक आहे. ते कोणत्याच यादीत येत नाही, त्यामुळे ते शोधत बसू नये. माउसच्या मेमरीत पाच जागा, म्हणजे पाच स्लॉट आहेत, आणि प्रत्येकात एक पूर्ण प्रोफाइल मावते.

घरच्या संगणकावर जी हब उघडून प्रथम एक साधे प्रोफाइल तयार करावे. ते कोणत्याही खेळाला जोडलेले नसावे, आणि त्यात फक्त कळा, माउसची बटणे, डीपीआयच्या पायऱ्या आणि साधा दिवा एवढेच ठेवावे. हे झाल्यावर माउसच्या पानावरच्या दातेरी चक्राच्या खुणेने त्याच्या सेटिंगमध्ये जावे. तिथे 'ऑन-बोर्ड मेमरी मोड' असा खटका असतो. तो सुरू केला की स्लॉटची यादी दिसते. पहिल्या स्लॉटवर जाऊन तिथे आपले प्रोफाइल निवडले की त्याची प्रत माउसमध्ये लिहिली जाते. ही निव्वळ प्रत आहे, हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे. उद्या आपण जी हबमधले मूळ प्रोफाइल बदलले तर स्लॉटमधले आपोआप बदलत नाही. ते पुन्हा त्याच जागी उतरवावे लागते. 'बदल केला पण कार्यालयात जुनेच बटण चालते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते.

त्यानंतर चाचणी. खटका सुरूच ठेवून जी हब पूर्ण बंद करावे. खिडकी मिटवणे पुरेसे नाही, घड्याळाजवळच्या खुणांमधूनही ते बाहेर काढावे. मग माउस यूएसबीतून काढून पुन्हा लावावा, नोटपॅड उघडावे आणि प्रत्येक बटण एकेक करून दाबून पाहावे. आता जे दिसते तेच कार्यालयात दिसेल. या वेळी जे बटण काहीच करत नाही, त्यावर ठेवलेले काम जवळजवळ नक्की सॉफ्टवेअरवर विसंबलेले होते.

मेमरीत काय मावते याची ढोबळ विभागणी अशी आहे. कीबोर्डवरची कोणतीही एक कळ, किंवा कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट, विंडोज यांच्याबरोबरची कळ, माउसची स्वतःची बटणे, आवाज कमी-जास्त करण्यासारख्या माध्यमांच्या कळा, डीपीआय बदलणे, बटण दाबून धरेपर्यंत डीपीआय खाली आणणे, प्रोफाइल बदलणे, आणि एक बटण दाबून धरून बाकीच्या बटणांना दुसरा अर्थ देणारी जी-शिफ्टची सोय, हे सगळे माउसबरोबर येते. दिव्यांचे स्थिर रंग आणि साधे हेलकावे येतात. पडद्यावरचे रंग किंवा गाण्याचा ठेका पकडणारे दिवे येत नाहीत, कारण ते रंग प्रत्येक क्षणी संगणक पाठवत असतो. प्रोग्रॅम उघडणे, मजकुराचे तुकडे, स्क्रिप्ट आणि खेळ ओळखून आपोआप बदलणारे प्रोफाइल ही कामे येत नाहीत. मॅक्रो, म्हणजे एका दाबात ओळीने जाणाऱ्या अनेक कळा; अशा लांब मॅक्रोचे उत्तर मॉडेल आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे बदलते, म्हणून त्यांच्यासाठी वरची नोटपॅडची चाचणी हाच खात्रीचा मार्ग. एका प्रोफाइलला माउसमध्ये जेमतेम काही शेकडो बाइट मिळतात, हे ध्यानात घेतले की मॅक्रोच्या बाबतीतली ही कंजुषी समजते.

पाच स्लॉट आहेत म्हणून पाचही भरण्याची गरज नाही, आणि माझा सल्ला तर तसे करू नये असाच आहे. एक कामाचा आणि एक खेळाचा, एवढे दोन बहुतेकांना पुरतात. हाताला दोन मांडण्या सवयीने लक्षात राहतात, पाच राहत नाहीत. मात्र जितके स्लॉट वापराल तितक्या सगळ्यांत प्रोफाइल बदलण्याचे बटण एकाच जागी ठेवा. चाकामागचे बटण मुळात त्यासाठीच आहे, ते तसेच राहू द्यावे. पहिल्या स्लॉटमध्ये ते बटण आहे आणि दुसऱ्यात त्याच जागी दुसरी कळ ठेवली आहे, असे झाले तर कार्यालयात दुसऱ्या स्लॉटवर गेल्यावर परत येण्याची वाटच उरत नाही, आणि तिथे जी हबही नसते. दोन्ही स्लॉटना वेगळे रंग देणेही उपयोगी पडते. माउसकडे एक नजर टाकली की आपण कुठे आहोत ते कळते.

आता 'ळ' आणि 'ऱ्या' यांच्याकडे वळू, कारण प्रश्नाचा हा भाग मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सापडत नाही. एचआयडीच्या कीबोर्ड अहवालात युनिकोडचे अक्षर पाठवण्याची सोयच नाही. त्यात फक्त 'या जागेची कळ' असा क्रमांक असतो. ती जागा कोणत्या अक्षराची, हे संगणकावर त्या वेळी निवडलेली भाषा ठरवते. म्हणून माउसच्या बटणावर 'के' ही कळ ठेवली, आणि विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी कळफलकाची मांडणी सुरू असली, तर बटण दाबल्यावर 'क' उमटतो. भाषा इंग्रजीवर असली तर इंग्रजी के उमटतो. माउसने दोन्ही वेळा नेमके तेच पाठवलेले असते.

हे एकदा कळले की 'ळ' सोपा होतो. इनस्क्रिप्टमध्ये 'एन' या कळीवर 'ल' आहे आणि शिफ्टबरोबर तीच कळ दाबली की 'ळ' येतो. म्हणजे बटणावर शिफ्ट आणि एन ठेवायचे. ही एका कळीची आणि एका शिफ्टची जोडी असल्यामुळे ती माउसच्या मेमरीत निश्चिंतपणे मावते आणि कार्यालयातल्या संगणकावर, तिथे मराठी इनस्क्रिप्ट निवडलेले असेल तर, जशीच्या तशी चालते.

'ऱ्या'ची गोष्ट थोडी वेगळी आहे. 'पुऱ्या', 'दऱ्या', 'सुऱ्या', 'कोपऱ्यात' अशा शब्दांतला हा जोड इनस्क्रिप्टमध्ये चार टप्प्यांनी येतो: शिफ्टबरोबर 'जे' म्हणजे 'ऱ', मग 'डी' म्हणजे हलन्त, मग तिरपी रेघ असलेली कळ म्हणजे 'य', आणि शेवटी 'ई' म्हणजे काना. हा चार पावलांचा मॅक्रो झाला. तो नोंदवताना जी हबच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरेच दिसतील. ते बरोबरच आहे, कारण साठते आहे ती कळ. शिफ्ट सोडल्याची नोंद 'डी' दाबण्याआधी येते आहे याची खात्री करावी, नाहीतर शिफ्ट पुढच्या कळांनाही लागू होते आणि भलतीच अक्षरे उमटतात. हा मॅक्रो आपल्या माउसच्या मेमरीत उतरला आणि वरच्या चाचणीत टिकला तर उत्तम. उतरला नाही तर मी त्यामागे लागणार नाही. वर्डमध्ये ऑटोकरेक्टच्या यादीत एखादी छोटी खूण 'ऱ्या'साठी नोंदवता येते, आणि ते काम माउसपेक्षा तिथे अधिक खात्रीने होते. माउसचे बटण अशा वेळी एखाद्या अधिक गरजेच्या कळीला द्यावे.

इथे एक सावधगिरीची सूचना. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्याच्या अद्ययावत आवृत्तीपासून मराठी फोनेटिक नावाची वेगळी पद्धतही आली आहे. तिच्यात रोमन अक्षरे टाइप करून मराठी शब्द निवडले जातात आणि ती शब्द सुचवतही राहते. इनस्क्रिप्टसाठी बांधलेला मॅक्रो तिथे पूर्णपणे चुकीची अक्षरे देईल. मांडणीच्या कामात अजूनही वापरल्या जाणाऱ्या श्रीलिपीसारख्या प्रणालींचे स्वतःचे कळफलक असतात. तिथेही नियम तोच, माउस कळ पाठवणार आणि अक्षर त्या प्रणालीत निवडलेला कळफलक ठरवणार. म्हणून बटणे ठरवण्याआधी घरी आणि कार्यालयात एकच कळफलक आहे ना, हे पाहून घ्यावे.

मांडणीचे काम इनडिझाइनमध्ये होत असेल, तर माउसच्या मेमरीचा अक्षरांपेक्षाही मोठा उपयोग परिच्छेदांच्या शैलींसाठी होतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेद शैलीला शॉर्टकट देता येतो, पण विंडोजवर तो कंट्रोल, ऑल्ट किंवा शिफ्टबरोबर उजव्या बाजूच्या अंकफलकावरच्या आकड्यानेच द्यावा लागतो. बऱ्याच लॅपटॉपवर अंकफलक नसतो, त्यामुळे अनेकजण ही सोय सोडून देतात. माउस मात्र अंकफलकावरची कळ सहज पाठवू शकतो, कारण एचआयडीत त्या आकड्यांचे क्रमांक वरच्या ओळीतल्या आकड्यांहून वेगळे आहेत. बटण लावताना एकदा पूर्ण कीबोर्ड जोडून कंट्रोल आणि अंकफलकावरचा १ हे बटणावर नोंदवावे, दुसऱ्या बटणावर कंट्रोल आणि २. इनडिझाइनमध्ये 'मुख्य मजकूर' या शैलीला पहिला आणि 'उपशीर्षक' या शैलीला दुसरा शॉर्टकट द्यावा. मग लॅपटॉपवरही अंगठ्याच्या एका दाबाने शैली लागते. नम लॉक सुरू असणे आवश्यक आहे. शिफ्टच्या जोड्या मात्र इथे टाळाव्यात, कारण नम लॉक सुरू असताना विंडोज शिफ्ट आणि अंकफलक यांचा अर्थ बाणांच्या कळा किंवा होम-एंड असा लावते. शैली वारंवार बदलाव्या लागणाऱ्या पुस्तकात, उदाहरणार्थ पाककृतींच्या किंवा पाठ्यपुस्तकाच्या कामात, हा फरक हाताला लगेच जाणवतो.

कार्यालयात मॅक असेल तर आणखी एक बाब पाहावी लागते. तिथे कॉपी-पेस्ट कंट्रोलने नव्हे, कमांडने होते. एचआयडीत विंडोज कळ आणि कमांड कळ यांचा क्रमांक एकच आहे. म्हणून मॅकसाठी वेगळा स्लॉट ठेवून त्यात विंडोज कळीबरोबर सी आणि विंडोज कळीबरोबर व्ही ठेवले की मॅक त्यांना कमांडच समजतो. तिसरा स्लॉट भरण्याचे हे एक पटणारे कारण आहे.

डीपीआयबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. डीपीआयच्या पायऱ्या माउसच्या मेमरीत साठतात, हे खरे; पण पडद्यावरचा बाण किती धावतो हे विंडोजमधल्या बाणाच्या वेगावरही ठरते, आणि ती सेटिंग त्या त्या संगणकाची असते. त्याचबरोबर विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची सोय बहुधा सुरू असते, जी हात वेगाने हलला तर बाण प्रमाणापेक्षा अधिक पळवते. कार्यालयात माउस अनोळखी वाटत असेल तर डीपीआयशी खेळत बसण्यापूर्वी दोन्ही संगणकांवर बाणाचा वेग मधल्या खुणेवर आणावा आणि ही सोय दोन्हीकडे सारखी ठेवावी. कित्येक खेळ माउसची हालचाल विंडोजला वळसा घालून थेट वाचतात; तिथे फक्त डीपीआय आणि खेळातली संवेदनशीलता एवढ्याच दोन गोष्टी मोजायच्या.

खेळाच्या स्लॉटसाठी माझे मत स्पष्ट आहे: एका बटणावर एक कळ, त्यापलीकडे जाऊ नये. त्याला दोन कारणे आहेत. पहिले तांत्रिक आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते, आणि काही खेळ कळांची स्थिती चित्रागणिक एकदाच तपासतात. मॅक्रोने कळ पाच मिलिसेकंद दाबून सोडली तर दोन तपासण्यांच्या मध्ये ती येऊन निघूनही जाते आणि खेळाला ती कधी दिसतच नाही. कधी चालते, कधी चालत नाही अशा मॅक्रोमागे पुष्कळदा हेच असते. दाब आणि सोड यांत २५ ते ३० मिलिसेकंद ठेवले की तो सुधारतो. हे कामाच्या मॅक्रोलाही लागू आहे: मांडणीचे जड पान उघडे असताना फार वेगाने आलेल्या कळा प्रोग्रॅमला झेपत नाहीत.

दुसरे कारण नियमांचे आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केले की काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हालचाल आणि नेमबाजी यांचे हार्डवेअरच्या मदतीने होणारे स्वयंचलन कंपनीच्या सर्व्हरवर ओळखले जाईल आणि तसे करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढले जाईल. एका दाबात अनेक हालचाली बांधण्याच्या खेळातल्या सोयीवरही त्याच वेळी मर्यादा आली. मॅक्रो माउसच्या मेमरीत आहे, संगणकावर कोणताही प्रोग्रॅम चालू नाही, म्हणून तो पकडला जाणार नाही, असे पुष्कळ जण समजतात. हा समज घातक आहे. अशी यंत्रणा प्रोग्रॅम शोधत बसण्याऐवजी येणाऱ्या कळांची लय पाहू शकते, आणि यंत्राची लय माणसाच्या हातासारखी नसते. स्पर्धेला जाणाऱ्याने तर आयोजकांचे नियम वाचूनच माउस न्यावा. एका बटणावर एक कळ ही मांडणी मात्र सर्वसाधारणपणे मान्य असते, आणि सराव झालेल्या हाताला तेवढी पुरते.

पासवर्ड माउसच्या बटणावर ठेवू नये, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. रोजचा लांब पासवर्ड एका दाबात टाकण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण माउसच्या मेमरीत काहीही कुलूपबंद नसते. कोणीही नोटपॅड उघडून ते बटण दाबले की पासवर्ड पडद्यावर साध्या अक्षरांत उमटतो. कार्यालयात टेबलावर पडून राहणाऱ्या वस्तूत तो ठेवणे म्हणजे चिठ्ठीवर लिहून चिकटवण्यासारखेच आहे.

इतर माउस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तत्त्व सगळीकडे सारखे, नावे आणि स्लॉटची संख्या वेगळी. रेझरच्या बॅसिलिस्क व्ही३ सारख्या माउसमध्येही पाच प्रोफाइल मावतात. पोटाकडच्या बटणाने ती बदलतात आणि शेजारचा छोटा दिवा पांढरा, लाल, हिरवा, निळा, आकाशी अशा रंगांनी कोणते सुरू आहे ते दाखवतो. सिनॅप्स या रेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या प्रोफाइलची प्रत हव्या त्या रंगाच्या जागेत टाकावी लागते. स्वस्त माउसमध्ये मॉडेलप्रमाणे एखादा छोटा प्रोग्रॅम मिळतो आणि पुष्कळदा तो 'अप्लाय' दाबताच सगळे थेट मेमरीत लिहितो. पण काही माउसना मेमरीच नसते, आणि खोक्यावरच्या मजकुरावरून ते नेहमी कळत नाही. खरेदी करताना 'ऑनबोर्ड मेमरी' आणि प्रोफाइलची संख्या हे दोन्ही शब्दांत लिहिलेले आहे का ते पाहावे. 'प्रोग्रॅमेबल बटणे' एवढेच लिहिले असेल तर ती बटणे सॉफ्टवेअरवर विसंबलेली असू शकतात. अलीकडे काही कंपन्या वेगळा प्रोग्रॅम न देता ब्राउझरमधूनच माउस लावण्याचे पान देतात. क्रोममध्ये २०२१ साली आलेल्या वेबएचआयडी या सोयीमुळे ते शक्य झाले. क्रोम आणि एजमध्ये ते चालते, फायरफॉक्स आणि सफारीमध्ये चालत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना पायपर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते लॉजिटेकच्या पुष्कळ माउसच्या मेमरीत थेट लिहिते, त्यामुळे तिथे प्रत उतरवण्याची निराळी पायरी राहत नाही.

राहिला एक प्रसंग, जो कार्यालयापेक्षा मित्राच्या घरी किंवा खेळाच्या कॅफेत अधिक येतो. सगळे नीट साठवले आहे, घरची चाचणीही झाली आहे, तरी तिथे बटणे वेगळीच वागतात. अशा वेळी तिथल्या संगणकावर जी हब बसवलेले आहे का ते पाहावे. असेल तर ते माउस जोडताच ताबा घेते आणि स्वतःकडचे प्रोफाइल लावते. आपल्या स्लॉटमधले काहीही पुसले गेलेले नसते. तिथले जी हब बंद करून माउस काढून लावावा, किंवा त्यातच ऑन-बोर्ड मेमरी मोडचा खटका सुरू करावा, की आपली बटणे परत येतात. फर्मवेअर, म्हणजे माउसच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्याची सूचना आली तर मात्र ती दुसऱ्याच्या संगणकावर स्वीकारू नये. त्या प्रक्रियेत स्लॉट मूळ स्थितीत जाऊ शकतात आणि आपली मूळ प्रोफाइले घरच्या जी हबमध्ये असतात. ते काम घरीच करावे आणि झाल्याबरोबर दोन्ही स्लॉट पुन्हा भरून घ्यावेत.